टाकीतली पिशवी, काळजातली गाठ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी बोट वर केलं की हजार माणसं उठून उभी राहायची. त्या दिवशीही उठली. तिसऱ्या रांगेतली एक काज-बटण करणारी बाई मात्र उभी राहिली तशी पांढरीफटक पडली आणि कोसळली.

"कुणी हात लावू नका," महाराज म्हणाले. "आडवी करा तिला. सरळ आडवी."

हात न लावता आडवी कशी करायची, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. लोकांनी तिला आडवी केली. महाराजांनी खाली येऊन तिच्या कपाळावर अंगठा टेकवला. जरा वेळाने बाईने डोळे उघडले.

"ताठ उभा राहतो तो अहंकार, तो पडणारच. आडवी होते ती शरणागती, ती तरते," महाराज म्हणाले.

सगळ्यांनी हात जोडले. मग हे दर आठवड्याला होऊ लागलं. बाई पडायची, अंगठा टेकायचा, बाई उठायची. तिला बघायला लांबून लोक येऊ लागले.

बाईचा नवरा प्लंबर होता, आणि महाराज किती पाण्यात आहेत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वर्षापूर्वी आश्रमाचं पाणी मधेच बंद पडायचं, मधेच सुरू व्हायचं. याने गच्चीवरच्या टाकीत डोकं घातलं तर तळाच्या पाइपाच्या तोंडाशी प्लास्टिकची एक पिशवी एका कोपऱ्याने अडकलेली. पाणी ओढलं गेलं की ती तोंडावर बसायची, काठीने हलवली की बाजूला व्हायची. "काढलीस की खाली कुणाला बोलू नकोस," मागोमाग गच्चीवर आलेले महाराज म्हणाले. मग त्यांनी खाली जाऊन नळाला हात लावला आणि पाणी 'आणलं'. भक्तांचे डोळे भरून आले. प्लंबरला गंमत वाटली. तो गप्प बसला, आणि आश्रमाची सगळी कामं त्याच्याकडे आली.

मग बायकोच्या वेळी त्याची अक्कल कुठे चरायला गेली होती? पाण्याचं ढोंग होतं खरं, पण ही तर डोळ्यांदेखत उठतेय, असं त्याने स्वतःला समजावलं. सोयीची समजूत घालून घ्यायला माणसाला गुरू लागत नाही.

त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला मात्र ते पटत नव्हतं.

"बाबा, आई काल घरी पडली. मशीनवर वाकून बसली होती. मी तिला खाली झोपवलं, तर उठली. महाराज नव्हते तेव्हा."

"त्यांचा फोटो आहे ना घरात."

"फोटो बाहेरच्या खोलीत आहे. आई आत पडली."

"जास्त शहाणपणा नकोय," तो म्हणाला.

बाईला बारीक ताप यायचा, दोन जिने चढली की धाप लागायची, अंगावरचं मांस झडत चाललं होतं. महाराज म्हणाले, "पाप जळतंय. डॉक्टरकडे गेलीस तर अर्धं जळलेलं पाप उलटेल." पापाचं इतकं बारीक गणित त्यांना येत होतं, पण हजार लोकांसमोर वाळत चाललेली बाई काही त्यांना दिसत नव्हती.

एका सकाळी तिच्या हातातून सुई पडली. उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. मुलीने तिला आडवी केली. या वेळी ती उठली नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची छाती आधी झोपवून तपासली, मग टेकवून बसवून. बसल्यावर त्यांना एक जास्तीचा आवाज ऐकू आला. त्यांनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि प्लंबरला पडद्यापाशी बोलावलं.

"ही गाठ बघा. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात देठाने लोंबतेय. माणूस उभा राहिला, वाकून बसला, की ही खालच्या झडपेत येऊन बसते आणि रक्त अडतं. आडवं केलं की मागे सरकते. आडवं केल्यावर बरं वाटायचं का यांना?"

"हो."

"किती महिने?"

"सात."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या गाठीवर बोट ठेवलं. "गाठीचा एक तुकडा सुटून मेंदूत गेलाय. आधी आणलं असतं तर हा हात बहुतेक वाचला असता. गाठ तशी साधी आहे, कॅन्सर नाही."

प्लंबर पडद्याकडे बघत राहिला. पाइपाच्या तोंडावरची पिशवी त्याने आधी पाहिली होती, हातात धरली होती. साधी हा शब्द त्याला फार झोंबला.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. दोन महिन्यांनी तो बायकोला आणि मुलीला घेऊन सभागृहात गेला. महाराजांनी बोट वर केलं. बाई मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली, आणि पडली नाही.

"बघा, कृपा फळली," महाराज म्हणाले.

"कृपा नाही महाराज, गाठ काढली," प्लंबर म्हणाला. "तुमच्या अंगठ्याने ती कधी उठलीच नव्हती. आडवं केलं की गाठ झडपेतून सरकायची, म्हणून उठायची. तुमच्या टाकीतही पिशवी अडकली होती. ती मी काढली आणि गप्प बसलो. ते पाप माझं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पण ऑपरेशन कुणाच्या आशीर्वादाने यशस्वी झालं?" आणि शेकडो माना डोलल्या.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," प्लंबर म्हणाला. "पुढच्या खेपेला कुणी पडलं तर महाराजांना लांब बसवा, माणसाला नुसतं आडवं करा आणि काय होतं ते बघा. आणि उठला तरी त्याला दवाखान्यात न्या, त्याच दिवशी. एवढं डोकं प्रत्येकाला आहे. ते दुसऱ्याच्या पायावर ठेवू नका."

कुणी जागचं हललं नाही. हे तिघे बाहेर पडले. दारात गार वारा होता. बायकोच्या स्वेटरचं वरचं बटण सुटलं होतं. दिवसाला दोनशे काजं करणारी ती बाई डाव्या हाताने ते एक बटण लावायला बघत होती, आणि ते काही लागत नव्हतं. शेवटी मुलीने लावलं. 'मी तुम्हाला सांगितलं होतं,' असं ती बापाला म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला जरा बरं वाटलं असतं.