जन्मभराची शपथ

शिरूर कासारच्या स्टँडवरच्या त्या फ्लेक्सनं शहादेवचा जीव नकोसा केला होता. फ्लेक्सवर तो शाल पांघरून, नारळ घेऊन उभा. शेजारी गावचे पुढारी उत्तरेश्वरराव हात जोडून. आणि वर ठळक अक्षरांत 'दारूमुक्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खालचा खरा शहादेव मात्र सकाळीच पिऊन आला होता.

"काय बे दारूमुक्त, वासानंच चढायली आमाला," हॉटेलातून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. शहादेव शिवी हासडून अंगावर धावला, पण तोल जाऊन पायरीवरच बसला.

त्याचं झालं असं. श्रावणात उत्तरेश्वररावांनी देवळाच्या सभामंडपात व्यसनमुक्तीचं शिबिर भरवलं. माईक, हार, भाषणं, सगळा थाट. शहादेवला स्टेजवर ओढून हातावर बेलभंडारा ठेवला आणि 'जन्मात शिवणार नाही' असं सगळ्या गावासमोर वदवून घेतलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. तलफ आली की काय करायचं, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. पोळ्याला एक घोट पोटात गेला. देवाची शपथ मोडलीच, आता घोट काय नि बाटली काय, असं शहादेवनं ठरवून टाकलं आणि तेव्हापासून तो थांबलाच नाही.

घरी बायको सुनिता वाट बघत होती, भांडायला. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला होता. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि लग्नापासून ही दोघं एकाच कोयत्यावर जात आली होती.

"यंदा मी रामकिसनदादासंगट जाणार," तिनं सांगून टाकलं. रामकिसन तिचा थोरला भाऊ. त्याची बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती.

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय. उसाच्या फडात तुमी पिऊन पडायचं अन् मी एकटीनं मोळ्या वाहायच्या, हे आता व्हायचं न्हाई. रोहिणीलाबी नेते."

लेक रोहिणी आईच्या मागं उभी होती. तिच्या नजरेत बापाचं भय होतं, आणि ते शहादेवला फार झोंबलं.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईनं सुनिताला बीडमधल्या एका मिटिंगचा पत्ता दिला होता. दारू सोडू पाहणारी माणसं तिथं दर आठवड्याला एकत्र बसत. शहादेव गेला, पण दात-ओठ खात. पुन्हा शाल, पुन्हा माईक, दुसरं काय असणार?

शाळेच्या वर्गात दहा-बारा माणसं बसली होती. स्टेज नव्हतं. कुणी आडनावसुद्धा विचारलं नाही.

"आधीच सांगतो," शहादेव दारातूनच गुरगुरला, "म्या बेलभंडारा मोडलाय. हाकलायचं तर आत्ताच हाकला."

पाली गावाहून आलेले धुळाजी चहा ओतत होते. "बस. म्या तर पोराच्या डोक्यावर हात ठेवलता. दोन दिस टिकलो."

"मंग इथं कोनती शपथ घ्यायची?"

"कोनतीच न्हाई."

"शपथंबिगर मानूस सुटतोय व्हय?"

"तू शपथेनं सुटलास का?" धुळाजींनी शांतपणे विचारलं. "जन्माचं ओझं कावून उचलतूस? आज प्यायची न्हाई, एवढं धर. हातपाय लई थरथरले तर सरकारी दवाखाना गाठ, लाजू नको. तलफ आली तर मला फोन कर. अन् घेतलीच, तर देव कोपला म्हणून बाटली संपवू नको. दुसऱ्या दिशी इथं ये. इथं न्हाई पटलं तर दुसरी मिटिंग हुडक, पन एकटा राहू नको."

शहादेव चहा न घेताच उठला.

घरी सुनितानं रोहिणीला पुढं केलं. "हिच्या डोक्यावर हात ठेवून बोला."

त्यानं हात उचलला. पोर अंग चोरून मागं सरली. आपला हात लेकराला मार वाटतो! तो तसाच खाली आला.

"शपथ न्हाई घेत. आज पिलो न्हाई, एवढंच सांगतो."

"म्हंजी उद्या पिणार." सुनिता रोहिणीला घेऊन आत निघून गेली.

पण पुढच्या आठवड्यात तो परत गेला, आणि त्याच्या पुढच्याही. रोज संध्याकाळी तो तेच सांगे, आणि रोज ती तोंड फिरवी. एके दिवशी मात्र तो दारातच थांबला.

"आज पिलो. गावात मिरवणूक होती. दोन घोट घेतले अन् उठलो. धुळाजीअण्णाला फोन केलाय, सकाळच्या गाडीनं बीडला जातो."

सुनितानं संतापानं हातातलं भांडं आपटलं. तिला वाटलं, संपलं, आता हा पुन्हा रोज पिऊन पडणार. पण सकाळी तो खरंच गाडीत बसला, आणि संध्याकाळी शुद्धीत परत आला. पिऊन खोटं बोलणारा नवरा तिनं उभ्या संसारात पाहिला होता. खरं सांगून सावरणारा ती आज पहिल्यांदा बघत होती.

ऊसतोडीच्या टोळीत नाव घालायला मुकादमाकडं जायचं म्हणून रामकिसन सुनिताला न्यायला आला, तेव्हा ती म्हणाली, "दादा, तू दुसरं कुणी बघ. मी यांच्यासंगट जाते." मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "माफ केलं न्हाई. कारखान्याजवळ मिटिंग कुठं भरती, ते आधी हुडका. मंगच मुकादमाकडं चला."

शहादेवनं तिथंच उभ्याउभ्या धुळाजींना फोन लावला.

मंडळी, पिणाऱ्याला स्टेजवर चढवून जन्माची शपथ घालणं फार सोपं आहे. तो घसरला की हसणं त्याहून सोपं. त्यापेक्षा त्याला त्याच्यासारख्या माणसांत बसायची जागा शोधून द्या. एक नाही मानवली तर दुसरी शोधा. आणि 'आज पिलो' असं तो खरं सांगेल, तेव्हा हसू नका, त्याला गाडीत बसवून द्या.