दगडाकडून येणे

माझी बायको पायांची कामं करायची. कुरूपं काढायची, रुतलेली नखं सोडवायची, मधुमेहाच्या लोकांचे तळवे तपासायची. आमच्या पुढच्या खोलीत एक उंच खुर्ची, एक बुटकं स्टूल आणि हवा तसा वाकवता येणारा दिवा, एवढंच तिचं दुकान. "लोक फुकट पाय धरतात, मी पैसे घेऊन धरते," असं म्हणायची.

ती गेल्यावर चार महिन्यांनी करखात्याचं पत्र आलं, तिच्या नावाचं. मलमाची खरेदी जमेच्या मानाने जास्त दिसते, लपवलेली जमा असल्यास कळवावे, नसल्यास पंधरा दिवसांत खुलासा करावा.

मी तीस वर्षं पायी टपाल वाटलं. असली पत्रं लोकांच्या हातात ठेवून पुढच्या दाराकडे वळलो. दंडाचं मला काही वाटलं नाही. पण दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे परत करायला दोन जिने उतरणारी ही बाई, आणि तिच्या नावापुढे 'लपवलेली' हा शब्द. तो मला पुसून हवा होता.

तिच्या बहिणीची मुलगी हिशेब तपासण्याचं काम करते. शनिवारी सकाळी ती आली, मावशीच्या स्टुलावर बसली आणि वह्या उघडल्या. दहा मिनिटांत तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, मावशी गिऱ्हाइकांना अशी नावं ठेवायची?"

"कशी?"

"हे बघा. 'कुरूप, तिसरा मजला.' 'कुरूप, बेकरीवाली.' आणि ही तर हद्द झाली. 'जुने कुरूप, मुख्याध्यापक.'"

मी हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदाच. "अगं, कुरूप म्हणजे पायातलं. बूट चावून चावून कातडी घट्ट होते आणि आत खिळ्यासारखी टोचते, ते."

"हात्तिच्या! मी म्हटलं, एवढी गोड बाई आणि वहीत असं!"

दुपारपर्यंत तिने सगळं जुळवत आणलं. एकच गोष्ट अडली. "वर्षाला सव्वीस ट्यूब जास्त लागल्यात, काका. दर वर्षी. कुणाच्या पायाला लावल्या?"

मला काय माहीत? मी नुसता तिच्या हाताकडे बघत होतो. तिने वही उलटी केली, तर मागच्या पानापासून दुसरंच खातं सुरू होत होतं. वर लिहिलं होतं, 'दगड'. खाली रविवारच्या तारखा, एकही न चुकता. प्रत्येक तारखेपुढे 'दोन्ही टाचा, अर्धी ट्यूब, येणे', आणि पैशांचा आकडा कुठेच नाही.

"बावन्न रविवार, अर्धी अर्धी. झाल्या सव्वीस," भाची म्हणाली. "पण हा दगड कोण? दर रविवारी यायचा आणि पैसे द्यायचा नाही?"

रविवारी ती गिऱ्हाईक घेत नसे, आणि मी दिवसभर घरातच असायचो. तरी खोटं कशाला बोलू, गल्लीतले दोनचार पुरुष डोळ्यांपुढून गेले.

"येणे म्हणून काय लिहिलंय?" मी विचारलं.

"'माळ्यावरची ट्रंक काढून देणे. मिळाले.' 'एक सिनेमा, मध्ये न झोपता. मिळाला नाही.' 'ताईशी फोनवर नीट बोलणे.'" ती थांबली. "ताई म्हणजे आमची आई ना?"

"पुढे वाच."

"'निम्मे मिळाले.'"

भाचीने वहीवरून नजर काढली आणि माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

तीस वर्षांच्या पायपिटीने माझ्या टाचा फुटून दगड झाल्या होत्या. दर रविवारी आंघोळीनंतर ती मला उंच खुर्चीवर बसवायची. मी पेपर उघडायचो. टाच हातात धरून ती काहीतरी मागायची आणि मी पेपराआडून "हो, हो" म्हणायचो. मला वाटायचं, बोलतेय आपली. ते वहीत जात होतं हे मला आज कळलं.

"सुटलं की!" भाची म्हणाली. "सव्वीस ट्यूब घरच्या वापराच्या. धंद्याच्या खर्चातून काढू, फरक भरू. लपवलेली जमा नाही, हे वहीच सांगते."

"म्हणजे तिचं काही चुकलं नाही?"

"एवढंच चुकलं की नवऱ्याला गिऱ्हाइकांत धरलं." ती कागदावर काहीतरी मोजत होती. "आता गंमत म्हणून सांगते हं. खातं बंद करताना ऋणकोकडून जे वसूल होणार नसतं, ते बुडीत लिहितात. नऊ येणी राहिलीत."

"ऋणको म्हणजे?"

"ज्याच्याकडून येणं आहे तो. दगड."

"मग बुडीत लिहू नकोस. ऋणको जिवंत आहे."

ती हसली, मग नाक पुसलं आणि वही माझ्याकडे सरकवली. शेवटच्या तीन रविवारी एकच मागणी होती. 'दिव्याचा स्क्रू आवळणे.' त्या दिव्याची मान सारखी खाली पडायची. एका हाताने तो धरून ती दुसऱ्या हाताने काम करायची. मी तीनदा "हो" म्हणालो होतो.

मी उठून पेचकस आणला. दोन मिनिटांचं काम होतं. दिवा सोडला, तर मान जागच्या जागी राहिली. भाचीने त्याच उजेडात खुलासा लिहून काढला. त्यात 'लपवलेली' हा शब्द एकदाच आला, आणि त्याच्यापुढे 'नाही' होतं. मी तो दोनदा वाचला.

मग मी वहीत दिव्यापुढे 'मिळाले' लिहिलं. माझं अक्षर तिच्याशेजारी फारच ओबडधोबड दिसलं.

"तारीख घाला, काका. नाहीतर हिशेबात धरत नाहीत."

तारीख घातली. आठ राहिली.

"आता तुझ्या आईला फोन लाव," मी म्हणालो.

"आत्ता? काका, ती तासभर सोडायची नाही."

"बोलू दे. निम्मं अजून द्यायचंय."