आखूड बाक

गाडीतला तिसरा बाक तीन फूट नऊ इंच लांब होता. बाकीचे दोन सव्वासहा फुटांचे, समोरासमोर, मध्ये उभं राहता येईल एवढी वाट. तिसरा मागच्या दाराजवळ आडवा, बिजागरीवर उचलून भिंतीला लावता येणारा, आणि त्याच्या कडेला चार बोटं उंचीची पट्टी ठोकलेली. झोपेत कुणी गडगडू नये म्हणून ठोकतात तशी. मोठ्या माणसाला अशी पट्टी लागत नाही, आणि एवढ्या लांबीत मोठं माणूस मावतही नाही. मी टेप गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवला आणि मार्तंडना काही विचारलं नाही.

गाडी म्हणजे लढाईनंतर कल्याणच्या छावणीतून लिलावात निघालेली जुनी लष्करी अँब्युलन्स. मार्तंड, माझे यजमान, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मुलुंडच्या आमच्या घरामागे ती उभी करून त्यांनी वर्षभराचे रविवार तिच्यात घातले. बाक केले, स्टोव्हला खाचा केल्या, पाण्याचं पिंप बसवलं, खिडक्यांना जाळ्या लावल्या. बाजूच्या लाल क्रूसावर तीनदा रंग दिला, तरी उन्हात तो खालून दिसतच असे. गल्लीत सगळे तिला 'दवाखाना' म्हणत.

आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टरांना दोघांतही काही दोष सापडला नव्हता. मी कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे, आणि कारण न सापडणं हेही एक उत्तर असतं हे मला ठाऊक होतं. नातेवाइकांना ते पटत नसे.

मार्तंडचे थोरले बंधू घाटकोपरला राहत. घरातले सगळे त्यांना भाऊ म्हणत. ते फोर्टातल्या एका सॉलिसिटरकडे कारकून, त्यामुळे दत्तकाचा नवा कायदा आमच्याकडे वर्तमानपत्राच्या आधी पोहोचला. आता मुलगीही दत्तक घेता येणार होती. मात्र घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या, दोघांच्याही बायकांची संमती लागणार होती. भाऊंना तीन मुली. धाकटी क्षमा चार वर्षांची.

"क्षमाला तुम्ही घ्या," गणपतीत जेवणं झाल्यावर सुपारी कातरत भाऊ मार्तंडना म्हणाले. "घरातली घरात राहील."

"ह्यांची इच्छा असेल तसं," मी म्हणाले.

"पद्मजाला विचारून सांगतो," मार्तंड म्हणाले.

मला त्यांनी विचारलं नाही, आणि मीही त्यांना विचारलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. गुरुजींनी दत्तकविधीसाठी मार्गशीर्षातला दिवस काढून दिला. भाऊंनी निरोप पाठवला, काय ते एकदा सांगून टाका. तेवढ्यात गाडी तयार झाली आणि मार्तंडनी रजा टाकली. "भंडारदऱ्याला जाऊन येतो," ते भाऊंना म्हणाले. "परत येताना घाटकोपरला येऊ आणि सांगू." म्हणजे आमचं ठरणार होतं ते डोंगरात.

मला क्षमा आवडे. मांडीवर बसून ती माझं घड्याळ कानाला लावी आणि फार वेळ गप्प राही. ती आली की मला बरं वाटे. ती गेली की घर शांत होई, तेही बरं वाटे. ही दोन निरीक्षणं एकमेकांना खोडत नव्हती, पण त्यांतून निष्कर्षही निघत नव्हता. आणि आता हा बाक. मार्तंडना मूल हवं होतं आणि ते मला दुखवू नये म्हणून लाकडात सांगत होते, असा त्याचा अर्थ मी लावला.

आग्रा रोडनं निघालो. शहापूरला चहा घेत होतो तर एक मुंडासेवाला गाडीच्या मागच्या पायरीवर येऊन बसला आणि त्यानं गालावरचा हात काढला.

"दाढ आहे, डाक्टर. मागची."

"मी डॉक्टर नाही," मार्तंड म्हणाले.

"मग बाई असतील."

"बाई बेडकांच्या डॉक्टर आहेत."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "काढता येईल का तेवढं सांगा," तो म्हणाला. मी त्याला लवंग दिली. गाडी सुटली तरी तो हात गालावर ठेवून आमच्याकडे बघत होता.

कसाऱ्याचा घाट चढताना इंजिन तापलं. मार्तंड बॉनेट उघडून पाणी ओतत होते. खाली दरीत धुकं अजून होतं आणि एक सर्पगरुड शिट्टीसारखा ओरडत, पंख न हलवता, आमच्याही खालून फिरत होता. पक्ष्याची पाठ बघायला मिळण्याची ती माझी पहिलीच वेळ. पाण्याची कळशी खाली ठेवायला जागा हवी म्हणून मी पोह्यांचे डबे तिसऱ्या बाकावर ठेवले. मार्तंडनी आत येऊन ते उचलले आणि आपल्या बाकाखाली सरकवले. माझ्या मनातला अर्थ आणखी पक्का झाला, आणि मला स्वतःला काय वाटतं ते आणखी कळेनासं झालं.

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वर, झाडीत, आम्ही गाडी उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी वानरांची टोळी आली. काळ्या तोंडाची, लांब शेपटांची. त्यांत एक नुकतंच जन्मलेलं पिल्लू होतं, अजून काळसर, आणि ते एका मादीकडून दुसरीकडे चाललं होतं. मी दुर्बीण लावून आई कोणती ते शोधू लागले. फाटक्या कानाची एक मादी त्याला सर्वांत जास्त वेळ धरून होती. तीच आई, मी मार्तंडना सांगितलं. मग एका तरुण मादीनं पिल्लू ओढून घेतलं, तेव्हा फाटक्या कानवालीनं ते जाऊ दिलं. पिल्लू किंचाळू लागलं. त्याबरोबर इतका वेळ वरच्या फांदीवर पाला खात बसलेली भलतीच एक मादी उतरली, तिनं पिल्लू काढून घेतलं आणि पोटाशी लावलं. ते प्यायला लागलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "ती आई."

"पण बघ, तिनं दिलंच होतं ना दुसरीकडे," मार्तंड म्हणाले. "त्यांच्यात चालतं ते."

"त्यांच्यात मुहूर्त काढत नाहीत."

मार्तंड थोडा वेळ चाकावरचा चिखल खरवडत राहिले. "रागावलीस?"

"नाही. तुम्हाला काही सांगायचं असलं तर वानरांवरून सांगू नका, एवढंच."

"मला काय सांगायचंय? क्षमा हवीय तुला. मी तर कधी नको म्हटलं नाही."

मी दुर्बीण खाली केली. "मला हवी आहे असं मी कुणाला म्हटलं?"

"वहिनींना. बारशाला. 'ही आम्हालाच देऊन टाका' म्हणालीस. वहिनींनी भाऊला सांगितलं, भाऊनं मला. तुझं एवढं मन आहे म्हणून तर त्यांनी विषय काढला."

ते बारसं मला आठवलं. वहिनी म्हणजे माझ्या जाऊबाई सुनंदा. पाळण्यात क्षमा जांभया देत होती, आणि पाळण्यापाशी जाऊन प्रत्येक बाई म्हणते तेच मीही म्हणाले होते.

"शेजारच्या जानकीबाईसुद्धा म्हणाल्या होत्या, 'हिला मी पळवणार,'" मी म्हणाले. "त्यांना पाच आहेत. भाऊजींनी त्यांना नाही विचारलं?"

"तुझं वेगळं धरलं त्यांनी."

"का ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "आणि तो बाक?"

"क्षमासाठी. तुला हवी होती म्हणून केला. डबे ठेवलेस तेव्हा वाटलं, मी हो म्हणतोय का ते तू बघतेयस. म्हणून उचलले."

"मला वाटलं तुम्हाला हवी आहे, म्हणून केलात."

आम्ही दोघंही गाडीकडे बघत राहिलो, जणू तिनंच आम्हाला फसवलं होतं.

"मग तुम्हाला हवी आहे की नाही?" मी विचारलं.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "खरंच. तुला हवीय म्हटल्यावर मी माझं बघितलंच नाही. आणि तुला?"

इतके महिने मी त्यांच्या इच्छेचा विचार करत होते. ती वजा केल्यावर माझी उरायला हवी होती. मी शोधली, तर तिथे काही दिसेना. संध्याकाळी एक भेकर हरीण कुत्र्यासारखं भुंकत राहिलं. पिठलं करपलं, कारण ते भेकर जवळ आहे की पलीकडच्या काठावर यावर आम्ही वाद घालत होतो. मार्तंडचं म्हणणं, पाण्यावरून आवाज लांबचाही जवळ वाटतो. ते बरोबर होते, पण मी लगेच कबूल केलं नाही. करपलेलं पिठलं आम्ही संपवलं. क्षमाचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

परतताना ठाणं मागे पडलं आणि मुलुंड आलं. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी मार्तंडनी गाडी हळू केली.

"वळायचं?"

"नको. घाटकोपरला येतो म्हणालोय."

"काय सांगायचं तिथे?"

"मला अजून माहीत नाही," मी म्हणाले.

भाऊंच्या चाळीसमोर गाडी थांबताच क्षमा जिन्यातून ओरडली, "दवाखाना आला!" मार्तंड तिला उचलून वर घेऊन गेले. जाऊबाईंनी मला आत बोलावलं. खाटेवर पाच नवे फ्रॉक घडी करून ठेवले होते.

"वाढत्या अंगाचे शिवलेत," त्या म्हणाल्या. "खालची दुमड उसवली की अजून दोन वर्षं जातील. तुझं कॉलेज, तुला शिवायला कुठे वेळ मिळणार."

"जाऊबाई, तुमची इच्छा आहे?"

"माझं काय विचारतेस. तुझं मन आहे ना तिच्यावर. माझ्याजवळ दोघी आहेतच."

"तिघी आहेत."

"हो, म्हणजे आत्ता तिघी." त्यांनी वरचा फ्रॉक उलगडला आणि पुन्हा तशीच घडी घातली. "रात्री तिला पाणी लागतं. उशाशी ठेव. मागत नाही, नुसती उठून बसते. आणि अंधारात तिला हात लावण्याआधी हाक मार, नाहीतर दचकते." त्यांनी आणखी एक फ्रॉक उचलला. "मला सवय आहे, म्हणून कळतं. तुलाही होईल."

इतके दिवस मी दोन माणसांच्या इच्छांचा हिशेब मांडत होते. तिसऱ्या माणसाला मी त्यात धरलंच नव्हतं.

बाहेरच्या खोलीत चहा झाला. क्षमा मार्तंडच्या खिशातली पट्टी काढून जमीन मोजत होती. भाऊंनी कप खाली ठेवला.

"मग, मार्तंड? काय ठरलं?"

"पद्मजाला..." मार्तंड म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, कायद्यानं तिची संमती लागते ना? मग तिलाच विचार. ती म्हणेल ते माझं."

भाऊ आजवर माझ्याशी थेट बोलत नसत. 'तिला सांग', 'तिला विचार' असंच असे. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बरं. बोला, पद्मजा."

ह्यांची इच्छा असेल तसं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. दारात जाऊबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. हात कोरडे झाले होते, तरी त्या पुसतच होत्या. मी मार्तंडकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही, आणि या वेळी मी वाचायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

"माझी संमती नाही, भाऊजी," मी म्हणाले. "क्षमा जाऊबाईंची आहे, ती इथेच राहू दे. आम्ही दोघं आहोत, आणि आम्हाला ते पुरतं."