मास्तरांची जीभ

मी टोप बोलतोय. डोक्यावर घालायचा नव्हे हो, गॅसवर चढवायचा. जाड बुडाचा, दोन कानांचा. कारखान्यात एका गोल पत्र्याला यंत्राने दाबलं आणि मला पोट आलं. माणसांना त्यासाठी वर्षं लागतात.

दुकानात एका नव्या नवरीने मला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाली, "जड आहे. हाच हवा." तेव्हापासून तीस वर्षं मी या बाईंकडे आहे. त्यांचे यजमान शिंपी. लोक त्यांना मास्तर म्हणतात. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन, मागे आमचं स्वयंपाकघर. बाईंची आई लवकर गेली, म्हणून धाकटा भाऊ इथेच वाढला. त्याची वाढत्या वयातली भूक मी पाहिली आहे. भात निवायलाही वेळ द्यायचा नाही पठ्ठ्या.

मास्तर कापडात फार काटेकोर. अर्धा इंच चुकला तर बाही उसवतील. जेवणात मात्र एकच शब्द: "छान." अळणी असो की खारट, छान!

गेल्या वर्षी बाईंना मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही. त्यानंतर बाई उभ्या उभ्याच दोन घास गिळायच्या आणि ताट धुऊन टाकायच्या.

आणि अशात भावाचा फोन आला. सहा वर्षांनी येत होता, बायको आणि मुलीला घेऊन, एका संध्याकाळपुरता. "ताई, तुझ्या हातचं जेवायचंय."

"ये की," बाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि मास्तरांना बजावलं, "त्याला यातलं काही सांगायचं नाही."

बेत केवढा मोठा! मंद आचेवर मटण, भरलेल्या भोपळी मिरच्या, खरपूस तळलेले बटाटे, मोकळा भात, वर दुधातला गोड पदार्थ. मटण माझ्याकडे. बाईंनी चमचाभर रस्सा मास्तरांपुढे धरला.

"छान."

"अहो, गिऱ्हाइकाच्या कोटाला छान म्हणून सोडता का? खांदा कुठे ओढतोय ते सांगताच ना? तसं सांगा."

मास्तरांनी डोळे मिटले. गळ्यातल्या टेपशी चाळा करत म्हणाले, "मीठ... आखूड आहे."

तापानंतर बाई पहिल्यांदा हसल्या.

मग मास्तर शेजारून खुर्च्या आणायला गेले. बाई माझ्याकडे पाठ करून मिरच्या भरत होत्या. इकडे माझा रस्सा आटला, मटण बुडाला लागू लागलं. ओरडायला मला तोंड कुठलं? धूर अगदी बारीक होता. त्यांना वास येईना. एवढं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

"अगं, लागलंय!" मास्तर खुर्च्या दारातच टाकून धावले.

बाई स्टुलावर बसल्या. हाताला मिरचीचं सारण तसंच. "संपलं. बाहेरून मागवा काहीतरी."

मास्तरांनी गॅस बंद केला. तळ न खरवडता वरचं मटण दुसऱ्या पातेल्यात काढलं, चाखलं. या वेळी खोटं बोलले नाहीत. "धुराचा वास आहे. थोडा आहे, पण आहे."

बाईंनी हात पुसले. मग म्हणाल्या, "दोन कांदे लालसर परता. घाला त्यात. आता?"

"अजून आहे."

"वाटीभर गरम पाणी. लिंबू पिळा. आता?"

मास्तरांनी वेळ घेतला. "आता वास मागे गेला. पुढे मटण आहे."

पाहुणे आले, ताटं मांडली. पहिल्याच घासाला भाऊ थांबला. "ताई, हे तुझं नेहमीचं नाही."

बाईंनी डोळे मिटून सांगून टाकलं. "चव गेली रे माझी. वाससुद्धा. हात माझे, पण जीभ यांची आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"माझ्या हातचं जेवायला येणार होतास ना. हातात काही उरलंच नाही, हे कसं सांगू?"

भाऊ उठला, ताईशेजारी जमिनीवरच बसला. "मी काय फक्त जेवायला येतो होय?" मग नाक ओढत म्हणाला, "बरं, जेवायलाही येतो. भाऊजी, अजून वाढा."

त्याच्या मुलीने विचारलं, "आत्या, मग तुला काय कळतं?"

"गरम कळतं. मऊ कळतं. कुरकुरीत कळतं."

मुलीने आपल्या ताटातला सगळ्यात खरपूस बटाटा उचलून आत्याच्या ताटात ठेवला. मग तिच्या आईने एक दिला. मग मास्तरांनी. बाई खुर्चीवर नीट बसून जेवल्या; बटाट्यांचा कुरकुर आवाज मला ओट्यावर ऐकू येत होता.

मास्तरांनी मला दोन दिवस घासलं. तळाशी काळा डाग राहिलाच. कृपा करून त्यासाठी मला माळ्यावर टाकू नका. अजून माझ्यात पुष्कळ शिजायचंय.

आत्ता मी गॅसवर आहे. बाई हल्ली उकळीच्या आवाजावरून आच ओळखायला शिकताहेत. झाकणापाशी कान आणून उभ्या आहेत. तेव्हा मी आता गप्प बसतो. त्यांना नीट ऐकू दे.