कालकथित साहेब आहेत का?

नाना जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांना येणारे फोन काही थांबेनात. जिवंतपणी त्यांना दिवसातून एखादा फोन यायचा, तोही देवळ्याहून मामाचा, कांद्याचा भाव सांगायला. गेल्यावर मात्र अख्ख्या भारताला माझ्या वडिलांशी बोलायचं होतं. लोन घ्या, गुडघ्याचं तेल घ्या, कानाचं मशीन घ्या, ओझरला फ्लॅट घ्या. अरे मेल्यांनो, घ्यायला माणूस तर हवा ना!

नंबर बंद करून टाका, असं सांगणारे शहाणे मला पुष्कळ भेटले. पण आईकडे फोन म्हणजे तो एकच, नानांचा. मामा त्याच नंबरवर, मावशी त्याच नंबरवर, पेन्शनचा मेसेजही त्याच नंबरवर. मी विंचूरला एका कंपनीत हिशेब बघते. सकाळी आमच्या वस्तीतून, उपनगरहून, निघते ती दिवेलागणीला उगवते. दिवसभर घरात आई एकटी आणि सोबतीला तो फोन.

ती तरी काय करणार? ‘सहादूजी हैं?’ असं कुणी विचारलं की म्हणायची, ‘ते गेले.’ तिकडची पोरगी विचारणार, ‘कब आएंगे?’ की आई गप्प. नवऱ्याला मेले म्हणणं तिच्या तोंडून जन्मात निघायचं नाही. संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच मला विचारायची, “संजे, ती पोरगी इचारत होती कधी येतील. काय सांगू गं तिला?” माझं डोकं असं भणाणायचं! मग मी त्या नंबरवर उलटा फोन लावून कुणाच्या तरी सात पिढ्या उद्धरायची, आणि आई आतून ओरडायची, “अगं हळू, शेजारी विहारात ऐकू जाईल.”

नकोसे फोन बंद करायच्या सरकारी नंबरवर, १९०९ ला, कळवून झालं. मोठ्या कंपन्यांचे फोन कमी झाले, पण साध्या मोबाइलवरून करणाऱ्यांना कोण आवरणार? भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. त्यात तो कानाच्या मशीनवाला तर हात धुऊन मागे लागला होता. एका सुट्टीच्या दिवशी मीच फोन उचलला आणि त्याला असा झाडला की दुसरा असता तर नोकरी सोडून गेला असता. तो मात्र अगदी मऊ आवाजात म्हणाला, “सॉरी मॅडम. नाव काढायला डेथचं काहीतरी प्रूफ लागतं. व्हॉट्सॲप करा, लगेच काढतो.”

दुसऱ्या दिवशी बसमध्ये आठवण झाली. मृत्यूचा दाखला घरी कपाटात. मोबाइलमध्ये नानांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाचं कार्ड होतं, त्याचाच फोटो पाठवून दिला. सुटले बाई एकदाची, असं वाटलं.

आमच्यात, बौद्धांत, गेलेल्या माणसाला कैलासवासी म्हणत नाहीत, स्वर्गीयही नाही. कालकथित म्हणतात. कार्डावर वर ठळक अक्षरांत छापलं होतं, कालकथित सहादू. आणि पंधरवड्याने घरी पाकीट आलं, गुळगुळीत कागदाचं, ‘प्रिय श्री. कालकथित सहादूजी, अभिनंदन! आपली निवड झाली आहे.’ म्हणजे त्या गाढवाने नाव काढलं तर नव्हतंच, उलट लांबवलं होतं. मी ते ऑफिसात गोरक्षला वाचून दाखवलं. गोरक्ष आमच्या कंपनीचा पिकअप चालवतो. तो हसून हसून खाली बसला. मग फोनही तसेच यायला लागले, ‘कालकथित साहब से बात हो सकती है?’ मी म्हणायची, “हो, तिकडेच जाऊन भेटा.”

आणि एक दिवस सगळं थांबलं. फोन नाही, पाकीट नाही. मी खूश. आईला म्हटलं, बघ, शेवटी झालंच ना काम.

त्या दिवशी मी डबा उघडला आणि आईचा फोन आला.

“संजे, जेवलीस का? अगं, आपला एक माणूस येतोय घरी. तुझ्या नानांचं कायतरी काम अर्धवट राहिलंय म्हणे. माझा अंगठा लागतो तेवढा.”

“कोण माणूस? आई, मी तुला काय सांगितलंय? अनोळखी माणसाशी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना?”

“अनोळखी कसला? ‘जय भीम आई’ म्हणाला. आणि यांला कालकथित म्हणाला. कालकथित सहादू, असं नीट. परका माणूस म्हणंल का तसं? परके मयत म्हणतात. आपलंच पोरगं हाय, लय गोड बोलतं.”

हातातला घास तसाच राहिला.

“पत्ता दिलास त्याला?”

“त्याच्याकडं होताच की. घर विहाराच्या पुढून हाय का मागून, एवढंच इचारलं. आणि तूच पाठवलंय ना त्याला? म्हणाला, संजनाताईंनीच कागद पाठवला.”

खोटं बोलला नव्हता मेला. मीच पाठवला होता. नानांचं नाव, मूळगाव देवळा, उपनगरचा घरपत्ता, खाली निमंत्रक म्हणून धोंडाबाई आणि संजना. घरात पुरुष माणूस नाही हेसुद्धा त्यावरून कुणालाही कळलं असतं. आणि वर तो शब्द. आईने माणूस ओळखायची एकच खूण धरून ठेवली होती, आपला शब्द, आणि ती खूण मी माझ्या हाताने चोराच्या मोबाइलवर पाठवली होती. कपाळ माझं!

“आई, ऐक. दार उघडू नको. मी निघतेय.”

“बरं बाई, नाय उघडत,” ती म्हणाली. पण ज्या सुरात म्हणाली, त्यावरूनच मला कळलं की ही उघडणार. दारात आलेल्या माणसाला उभं ठेवणं तिला जमत नाही. पुन्हा लावला तर फोन नुसता वाजत राहिला. चहा टाकायला गेली असणार.

गोरक्षला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्याने डबा तसाच झाकला आणि पिकअप काढला. निफाड गेलं, चांदोरी गेलं, मी फोन लावतच होते. शेजारच्या सरिताला लावला, ती सिन्नरला लग्नात. मागे वाजंत्री, तिला माझं एक अक्षर ऐकू येईना. पेपरात वाचलेलं सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं. एकटी म्हातारी, ओळखीचा म्हणून घरात घेतलेला माणूस. गोरक्ष म्हणाला, “ताई, काय होत नाय, पोचतो आपण.” पण त्याचा हात हॉर्नवरून निघत नव्हता.

द्वारकेच्या चौकात आलो आणि अडकलो. तिथे कधी अडकत नाही माणूस? पुढे ट्रक, बाजूला रिक्षा, पुलाखाली सगळं ठप्प. उतरून पळावं तर घर अजून केवढं लांब. तेवढ्यात आईने फोन उचलला.

“आई!”

तिच्यामागे एक पुरुषाचा आवाज होता. “दाबा आई. जोरात दाबा.”

“काय करतेस तू? कोण आहे तिथे?”

“अंगठाच उठत नाय गं माझा त्याच्या मशीनवर,” आई शरमल्यासारखं बोलली. “कांदे निंदून निंदून रेघाच गेल्या माझ्या. त्याला किती येळ बसवून ठेवलं.”

मी ओरडले. आजूबाजूचे रिक्षावाले बघायला लागले इतकी ओरडले. “हात काढून घे! तो आपला नाही, कुणाचाच नाही! बाहेर काढ त्याला! दार लाव आणि कुणालाही उघडू नको, कुणी माझं नाव सांगितलं तरी उघडू नको!”

मग आई बारीक आवाजात म्हणाली, “सोडा की हात.” ते ती मला म्हणत नव्हती.

फोन बंद झाला.

पुढचा रस्ता मला सांगता येणार नाही. मी रडत होते आणि शिव्या देत होते, त्याला, स्वतःला, त्या ट्रकवाल्यालाही. विहाराशी पिकअप थांबायच्या आत मी उडी मारली. गोरक्ष खालीच पोलिसांना फोन लावत राहिला. जिना चढले तर दार बंद. आईच्या चपला बाहेर. दुसऱ्या कुणाच्या चपला नव्हत्या, पण चोर काय चपला बाहेर काढून बसतो?

“आई!” मी दार बडवलं. आत काही हललं नाही. “आई, मी आलेय!”

मग अगदी दाराशीच, पलीकडून, “कोण?”

“मी. संजना.”

“संजना विंचूरला हाय.”

“अगं मीच, विंचूरहूनच आले. उघड.”

“संजनाचं नाव सगळ्यांला ठावं हाय,” आई म्हणाली. “संजनानीच सांगितलंय, तिचं नाव घेतलं तरी उघडायचं नाय.”

मी दाराला डोकं टेकलं. काय सांगू हिला? नानांचं नाव? गाव? जे जे सांगायला तोंडात येत होतं, ते सगळं त्या कार्डावर छापलेलं. माझा आवाजही तिला माझा वाटेना, इतका तो रडून बसला होता. आत तो अजून असेल आणि तिला हे बोलायला लावत असेल, असंही मनात आलं. आणि मग माझं डोकंच फिरलं.

“बये, उघडतेस का दार, का तोडू? जळो तुझा तो पाहुणचार! आलेल्या गेलेल्याला चहा पाजायची हौस तुला, आणि पोटच्या पोरीला दारात उभं करतेस! उघड म्हणते ना!”

कडी निघाली.

आई एकटीच होती. हातात लाटणं, उगारलेलं. मला बघून तिने ते खाली केलं, पण सोडलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळावरून, गालावरून, आणि म्हणाली, “तूच ना?” मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं.

तिच्या मनगटावर बोटं उमटली होती, लाल. टेबलावर दोन कप, दोन्ही रिकामे. “तुझं वरडणं त्यानं ऐकलं,” ती म्हणाली. “तरी सोडंना. रुमालानं माझा अंगठा पुसला आन् परत दाबला. एकदा हिरवा दिवा लागला गं त्या मशीनवर. मग उठला.”

हिरवा दिवा म्हणजे अंगठा उठला, आणि आधारला जोडलेल्या खात्यातून पैसे काढायला तेवढा पुरतो. मी बँकेला फोन लावला, खातं थांबवलं, आधारचं काय करायचं ते विचारलं. तक्रार नंबर लिहून घेताना माझं अक्षर मला वाचता येईना. आई पलंगाच्या कडेला बसून होती, मनगट पदराखाली झाकून.

“बाहेर गेला कसा?” मी विचारलं. “निमूट गेला? काही बोलला का?”

“नाय. सावकाश मशीन पिशवीत ठिवलं. दारात वळला, हात जोडले, आन् ‘येतो, आई’ म्हणाला.”

निघालेला माणूस जातो म्हणत नाही, कुणाच्याच घरात म्हणत नाही. दूधवालाही येतो म्हणूनच जातो.

“बोलायची रीतच हाय ना गं ती?” आई म्हणाली.

“हो गं,” मी म्हटलं. “नुसती रीत.”

आणि उठून मी वरची कडी लावली. मग खालचीही.