मुक्या ऑर्गनचा भाता

"दोनच ओळी, फादर. त्याही हळू."

"काका, आज गुड फ्रायडे. काल संध्याकाळपासून उद्या रात्रीपर्यंत ऑर्गन मुका. घंटासुद्धा नाही, लाकडी खटखट्यावर भागवतोय आपण. हे मी तुम्हाला सांगायचं?"

सांगायला नकोच होतं. चर्चच्या माडीवरल्या ऑर्गनच्या पाठीमागे एक अंधारी खोली होती, आणि भातेकाकांचा उभा जन्म तिथे ऑर्गनला हवा पुरवणारा भाता चालवण्यात गेला होता. पुढे मास्तर वाजवत, लोक मास्तरांना वाखाणत, आणि काका मागे दांडा दाबत घाम पुसत. मास्तरांनी छोटी घंटी वाजवली की सुरुवात, पुन्हा वाजवली की थांबायचं. तिथून ना वेदी दिसे ना माणसं. गावातली सगळी लग्नं नि मयतं काकांनी भिंतीकडे तोंड करून पार पाडली होती.

काकू आज पहाटे दम्यानं गेल्या. भात्याचं चामडं फाटलं की ठिगळ शिवून सरसानं चिकटवायचं काम त्यांचं. "मला धाप लागली तर कळत नाही, भाता जरा फुसफुसला की धावत सुटता," असं चिडवायच्या. शेवटी शेवटी एकच मागणं होतं. "मला नेताना ऑर्गन वाजू दे, तुमच्या हातच्या वाऱ्यावर. फुकट नाही राबले मी त्या भात्यासाठी." काकांनी हो म्हटलं होतं. मरायला नेमका हाच दिवस मिळावा, म्हणून त्यांना देवाचाही राग आला.

दुपारी शवपेटी चर्चमध्ये आणली. आज मिस्साविधीही नव्हता, नुसती प्रार्थना. फादर पुस्तक उघडतात तोच वर लाकूड कुरकुरलं, चामडं ताणलं गेलं आणि लांब, जड हवा आत शिरल्याचा आवाज आला. माणसं वळून वर पाहू लागली. मास्तर धावत जिना चढले. फादर जरा थांबले, मग मान खाली घालून वाचू लागले.

मास्तरांनी काकांना अडवलं नाही. ते आपल्या जागेवर जाऊन बसले, पण पट्ट्यांना बोट लावलं नाही. सूर एकही निघाला नाही. भाता भरत राहिला, जादा हवा झडपेतून सुटत राहिली, आणि खाली बसलेली काकांची मुलगी पदरात तोंड लपवून रडत राहिली.

प्रार्थना आटोपली. पेटी उचलून दारापर्यंत नेली, तरी वरची कुरकुर थांबेना. मास्तर मागच्या खोलीत गेले. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काका, पुरे आता. सगळे दाराशी थांबलेत तुमच्यासाठी."

"संपलं होय?" काका म्हणाले. "घंटी वाजली नाही ना. मला वाटलं, आहे अजून ती आत."

त्यांनी दांडा अलगद वर सोडला. जाता जाता सवयीनं काकूंच्या ठिगळापाशी हात धरून पाहिला. हवा कुठूनच सुटत नव्हती.