पाठीमागे पडणारा उजेड

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. दुधी प्लॅस्टिकची, वाटीएवढी, कॅमेऱ्याच्या फ्लॅशवर टोपीसारखी बसणारी. दुकानात मला डिफ्यूझर म्हणतात. फ्लॅशचा उजेड सुरीसारखा अंगावर येतो. मी तो चौफेर फोडते, मऊ करते.

माझ्या खोक्यावर छापलं होतं, 'घरात, बाहेर, रात्री, कुठेही.' हे खोटं आहे आणि छापणाऱ्याला ते माहीत होतं. भिंती आणि छत असेल तर माझा उजेड आपटून परत येतो. उघड्यावर तो गेला की गेलाच. दुकानदाराने माझ्या मालकाला हे तोंडावर सांगितलं.

"बाहेर रात्री वापरणार? मग नुसता फ्लॅश मारा. हिचा उजेड मागेपुढे सगळीकडे सांडतो."

"मला बेडूक काढायचेत, डोंगर नाही," मालक म्हणाला. "आणि ही खिशात मावते."

हातभर अंतरावरच्या बेडकासाठी त्याची निवड चुकली नव्हती. घरामागे बंद पडलेली दगडाची खाण होती. तिच्या डबक्यांपाशी आम्ही पाच वर्षं काढली. बेडकाच्या ओल्या पाठीवर मी कधी पांढरा डाग पडू दिला नाही. कौतुक कॅमेऱ्याचं झालं. होऊ दे.

पण एक सांगते. कॅमेरा फक्त समोर बघतो. माझा उजेड मागेही पडतो, आणि जिथे पडतो तिथलं मला दिसतं. फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी काय उभं असतं, ते मला ठाऊक असतं. बहुतेकदा काही नसतं. एकदा एक कुत्रं होतं, हिरव्या डोळ्यांचं, जराही आवाज न करता बसलेलं. मालक तासभर बेडूक टिपत होता. ते तासभर मालकाकडे बघत होतं.

घरात मालकाची आई होती. तिला विस्मरणाने पोखरलं होतं. पोटच्या मुलाला ती आपला थोरला भाऊ समजायची.

"आई, मी तुझा दादा नाही," मालक वैतागायचा.

"बरं दादा," ती म्हणायची.

एका रात्री दाराची कडी लावायची राहिली आणि ती खाणीकडे गेली. टॉर्च बिघडलेला. मोबाइलचा उजेड पायापुरता. मालकाने कॅमेरा घेतला आणि हात उंच करून फ्लॅश मारत खाणीत उतरला. "आई, ए आई," अशा हाका मारत.

पहिल्याच चमकेला मला ती दिसली. त्याच्या मागे, तीन पावलांवर, अनवाणी.

दुसऱ्या चमकेलाही तीन पावलांवरच. तो चालला की ती चालायची, तो थांबला की थांबायची. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आई, ए आई. दादा आईला शोधतोय, म्हणून तीही शोधत होती. आपणच आई आहोत हे तिच्या गावीही नव्हतं.

आणि मला तोंड नाही, मित्रांनो.

गच्चीवर मालकाची बायको उभी होती. खाणीच्या काठाआडून तिला नुसती चमक दिसत होती. ती ओरडली, "अहो, दिसतंय का काही?"

"पाच पावलं. पुढे काळोख."

"मग ती डबी काढा की. सगळा उजेड आभाळाला चाललाय."

ती बरोबर बोलली. कुणीही जाणकार हेच बोलला असता. त्याने मला काढून खिशात टाकलं. फ्लॅशचा उजेड थेट समोरच्या कड्यापर्यंत गेला असेल. मागे अंधार झाला.

सकाळी ती खाणीच्या पार दुसऱ्या टोकाला सापडली. कमरेएवढ्या पाण्यात उभी, ओठ निळे. बायकोने तिला घोंगडीत गुंडाळलं. मालक तिचे तळपाय चोळत होता.

"कुठे होतीस गं?"

"तुझ्या मागेच की रे दादा. मग तू दिवा मालवलास."

तिला ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली.

मित्रांनो, मला धुऊन पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, मी पिवळी पडते. जवळच्या वस्तूला मला लावा, लांबच्यासाठी काढून ठेवा. एवढं तुम्ही कराल, सोपं आहे. पण घरातलं म्हातारं माणूस चुकीच्या नावाने हाक मारतं, तेव्हा त्याची चूक काढत बसू नका. ओ द्या. आणि ते हरवलं, तर तुमच्या नात्याने हाका मारू नका. त्या दिवशी ते स्वतःला जे समजतं, त्या नावाने हाक मारा.

मालक अजून खाणीत जातो. मला लावतो, फ्लॅश मारतो आणि बेडूक सोडून मागे वळून बघतो.

मागे कुणी नसतं. मला दिसतं ना.